एचएफने धुऊनसुद्धा क्वार्ट्झ ट्यूबवर पांढरे डाग, नक्की चुकतंय कुठे?

सांवेररोडवाला (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवाटेचा आहे, पण काचेचं आणि फायबरचं काम केलेले लोक इथे येतात हे जुन्या चर्चांवरून कळलं म्हणून विचारतोय. मी सांवेर रोडवर एका छोट्या युनिटमध्ये आहे, आठ माणसं, एक ग्लास लेथ, दोन टाक्या, एवढाच पसारा. फायबर बनवणाऱ्या एका कंपनीच्या क्वार्ट्झ ट्यूब आमच्याकडे जॉबवर्कला येतात, १.२ मीटर लांब, बाहेरून २५ मिमी, आतून १९. दोन्ही टोकांना हँडल जोडायचे, धुवायचं, सुकवायचं, पॅक करून परत पाठवायचं. पुढे त्यांच्याकडे त्या ट्यूबच्या आत वाफेतून काच बसवतात, ट्यूब आटवून भरीव रॉड करतात आणि त्या रॉडमधून फायबर ओढतात.

तर दोन महिन्यांत तीन लॉट परत आले. आमच्याकडून जाताना ट्यूब एकदम आरसा असते, मी स्वतः ट्यूबलाइटखाली फिरवून बघतो. तिकडे लेथला लावून बर्नर फिरवला की पांढरे डाग उठतात म्हणे, काही ठिपके आणि काही ओघळ सुकल्यासारखे लांबट. फोटो पाठवलेत, खोटं काही नाही त्यात.

आमची पद्धत सांगतो. आधी साबणाचं पाणी, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसणं, मग एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड) १० टक्के, १० मिनिटं, मग पाण्याचे दोन टब, मग डीआय वॉटर (क्षार काढलेलं शुद्ध पाणी), मग उभ्या करून पंख्याखाली सुकवणं, कागदात गुंडाळून प्लास्टिकची नळी चढवणं. शेठचं म्हणणं एचएफ कमी पडतंय, टक्केवारी वाढवा. मला काही ते पटेना. मी डीएव्हीव्हीतून, म्हणजे इथल्या विद्यापीठातून, इलेक्ट्रॉनिक्सचं एमएस्सी केलंय, केमिस्ट्री बारावीनंतर सुटली. वरून शेठ रोज टोमणा मारतात की २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं येऊन राहिलंय आणि आपला माल अस्वच्छ म्हणून परत येतो. काही सुचत असेल तर सांगा भिया.

स्प्लाइसिंगवाला

भाऊ मी फायबर जोडणारा माणूस, खांबावर चढून. आमच्याकडे सफाई म्हणजे आयपीए लावलेला लिंट नसलेला कागद, एकाच दिशेने एकदा पुसायचं, तीच बाजू परत वापरायची नाही, संपलं. कनेक्टरच्या तोंडावर धुळीचा एक कण बसला तर लाइन बंद, कारण उजेड जातो तो भाग जेमतेम ९ मायक्रॉनचा आणि कण त्याच्याहून मोठा असू शकतो. पण तुमची तर नुसती ट्यूब आहे, पुढे २००० डिग्रीला वितळणार, घाण जळून नाही का जात? खरंच विचारतोय, चेष्टा नाही.

बडोद्याचा_प्रीफॉर्म (वडोदरा)

स्प्लाइसिंगवाला, जळून जाते ती सेंद्रिय घाण, म्हणजे तेल, साबण, बोटाची चरबी, आणि तीही हवा मिळाली तर, नाहीतर तिचा कोळसा होऊन कडेला बुडबुडा बसतो. धातू आणि क्षार कुठे जाणार? ते तिथेच राहून काचेत मुरतात. मी प्रीफॉर्मच्या, म्हणजे फायबर ओढायच्या त्या भरीव रॉडच्या, कामात नऊ वर्षं काढली, आता बडोद्याला वेगळ्या धंद्यात आहे पण ते डोक्यातून जात नाही.

थोडं मागचं सांगतो. १९६६ साली काओ आणि हॉकहॅम या दोन संशोधकांचा पेपर आला. त्याआधी बहुतेकांची समजूत होती की काचेतून उजेड लांब जाणारच नाही, कारण तेव्हाच्या काचेत एका किलोमीटरला हजार डीबीच्या (डेसिबल, उजेड किती घटला त्याचं माप) घरात तूट व्हायची. त्यांनी म्हटलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे, लोखंड, तांबं वगैरे काढून टाका आणि किलोमीटरला २० डीबीच्या खाली या, मग टेलिफोनला ही वायर चालेल. १९७० साली कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीतल्या तिघांनी १७ डीबी करून दाखवलं. आज १५५० नॅनोमीटरला ०.२ च्या आसपास मिळते. काओंना २००९ साली नोबेल मिळालं ते ह्याच कामासाठी. म्हणजे हा अख्खा धंदाच मुळात सफाईतून उभा राहिलाय. लोखंड, तांबं, कोबाल्ट, निकेल हे अब्जात एक भागाच्या हिशोबाने मोजतात, आणि काचेत पाण्याचा अंश, म्हणजे ओएच, दहा लाखात एक भाग राहिला तरी १३९० नॅनोमीटरजवळ किलोमीटरला ५० डीबीच्या आसपास तूट बसते. म्हणून सांवेररोडवाला, तुमच्या ट्यूबवरचं बोट पण मोजलं जातं.

एचएफची टक्केवारी वाढवू नका. १० टक्क्याला १० मिनिटांत काचेचा मायक्रॉनपेक्षाही कमी थर जातो आणि तेवढा पुरतो, कारण काच पातळ करायची नाहीये, वर बसलेलं सैल करायचंय. जास्त खाल्लं की घासताना काचेच्या आत ज्या बारीक भेगा पडलेल्या असतात त्या उघड्या पडून दिसायला लागतात, आणि मग लोक म्हणतात एचएफने ओरखडे पाडले. एचएफ नाही पाडत, आधीचे दाखवतो.

दोन प्रश्न. टाकीतलं एचएफ किती दिवस बदललं नाही? आणि ते "पाण्याचे दोन टब" म्हणालात, ते पाणी कुठलं?

काचकाका

थांबा जरा. डाग म्हणजे कसला डाग हे आधी ठरवा, वेगवेगळ्या गोष्टींना लोक पांढरा डागच म्हणतात. मी ३१ वर्षं ग्लास ब्लोइंग केलं, निम्मं आयुष्य क्वार्ट्झच्या आचेसमोर गेलं, डोळ्यांना अजून तो हिरवा चष्मा लागलेला वाटतो.

एक म्हणजे काचेची वाफ. जॉइंट मारताना काच इतकी तापते की थोडी उडते आणि बाजूच्या थंड भागावर पांढरी बसते, साखर भुरभुरल्यासारखी. ती नेहमी जॉइंटच्या शेजारी कड्यासारखी गोल पट्टी असते. मोठी मऊ आच फिरवली की जाते, एचएफमध्ये तर लगेच. ती तुझी भानगड नाही, ठिपके आणि ओघळ म्हणतोस म्हणून.

दुसरं म्हणजे काच फुटणं, फुटणं म्हणजे तुटणं नाही रे, काचेचं दगड होणं, क्रिस्टल होणं. इंग्रजीत डिव्हिट्रिफिकेशन म्हणतात, आमच्या सेक्शनला सगळे "काच पांढरी पडली" म्हणायचे. क्वार्ट्झला सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम लागलं आणि हजार-बाराशेच्या वर नेलं की त्या जागी क्रिस्टल धरतो. गरम असताना कळतपण नाही, थंड होताना साधारण २७० डिग्रीला तो क्रिस्टल आकसतो आणि बारीक भेगा पडतात, पापुद्रे निघतात. आणि हे मीठ येतं कुठून? हातातून. घामात मीठच असतं. नव्या पोराने ट्यूब धरली की मी काही बोलायचो नाही, तीच ट्यूब भट्टीत टाकायचो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच बोटाचा ठसा पांढरा उठलेला त्याला दाखवायचो. पोलिसांना एवढा चांगला ठसा मिळत नाही. त्यानंतर मात्र तो पोरगा जन्मभर ग्लोव्हज घालायचा.

आता सांग, धुतल्यानंतर ट्यूबला हात कोण लावतो, आणि हातात काय असतं? एचएफच्या टाकीवर काय घालता तेही सांग, ते मला आधी ऐकायचंय.

सांवेररोडवाला

काका, दादा, धन्यवाद, एवढं उत्तर येईल वाटलं नव्हतं. एकेक सांगतो.

एचएफ साधारण महिन्याने बदलतो, मधे कमी झालं की वरून टाकतो. टबातलं पाणी बोअरचं आहे, सांवेर रोडला नर्मदेचं कनेक्शन आमच्या प्लॉटपर्यंत नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर ८५० दाखवतं, चहाचं पातेलं आठवड्यात पांढरं होतं. शेवटच्या टबात मात्र डीआय असतं, कॅनमधून विकत आणतो, महाग पडतं म्हणून फक्त शेवटी.

ट्यूबला हात लावणारा पोरगा धुतल्यावर सर्जिकल ग्लोव्हज घालतो, तेच पातळ पांढरे. एचएफच्या टाकीवर पण तेच काका. दोन जोड्या एकावर एक घालतो तो. चष्मा आहे. मास्क कोविडच्या वेळचे उरलेत ते.

काचकाका

अरे देवा.

डाग गेले खड्ड्यात. आज संध्याकाळपासून ती टाकी बंद, कळलं का? शेठला म्हणावं एक म्हातारा ओरडतोय.

रसायनताई

काका बरोबर ओरडताहेत, मी त्यात भर घालते. मी इंदूरचीच, होळकर सायन्स कॉलेजची, आता एका टेस्टिंग लॅबमध्ये आहे.

सांवेररोडवाले दादा, एचएफ म्हणजे दुसऱ्या ॲसिडसारखं भाजणारं ॲसिड नाही, तीच तर फसगत आहे. सल्फ्युरिकचा थेंब पडला की माणूस लगेच ओरडतो. पातळ एचएफ पडलं तर काहीच वाटत नाही, २० टक्क्यांच्या खालचं असेल तर दुखायला कित्येक तास लागतात, कधीकधी दुसऱ्या दिवशी दुखतं. तोवर फ्लोराइड कातडीतून आत उतरून शरीरातलं कॅल्शियम धरत जातं, रक्तातलं कॅल्शियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. जास्त भाग भाजला तर माणूस जातो, घाबरवायला सांगत नाहीये. सर्जिकल ग्लोव्हज एक घाला की दोन, त्यांना टाचणीएवढं भोक असलं तरी आत गेलेलं एचएफ तिथेच कोंडून बसतं, म्हणजे ग्लोव्ह नसण्यापेक्षा वाईट. जाड निओप्रीन किंवा ब्युटाइल रबराचे कोपरापर्यंतचे ग्लोव्हज, आत नायट्राइलचे पातळ, रोज पाणी भरून गळतात का बघायचं. तोंडावर पूर्ण शील्ड, रबरी एप्रन, आणि टाकीवर वाफ ओढून घेणारा हूड, त्याची हवा स्क्रबरमधून, म्हणजे वाफ धुऊन काढणाऱ्या यंत्रातून, बाहेर. कोविडचा मास्क वाफेला काही अडवत नाही.

आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, २.५ टक्के, टाकीच्या शेजारी. दवा बाजारात विचारा, एखाद्या दुकानात नसलं तर मागवून देतील. अंगावर उडालं तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवायचं, मग जेल चोळत राहायचं, आणि लगेच दवाखान्यात, तिथे गेल्या गेल्या एचएफ हा शब्द सांगायचा कारण साधं भाजलेलं समजून ते मलम लावून घरी पाठवतील. दुखत नाहीये म्हणून घरी बसायचं नाही.

आता डागांकडे येते, कारण गंमत अशी की ही एकच केमिस्ट्री आहे. फ्लोराइडला कॅल्शियम दिसलं की तो ते सोडत नाही, कॅल्शियम फ्लोराइड होऊन बसतो आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, लिटरला जेमतेम १५-१६ मिलिग्रॅम. जेल वाचवतं ते ह्याच्यामुळेच, फ्लोराइड जेलमधल्या कॅल्शियमला चिकटतो आणि हाडापर्यंत जायचा थांबतो. वापरलेलं एचएफ फेकायच्या आधी चुन्याने मारतात तेही ह्याच्यामुळेच. आणि तुमच्या ट्यूबवरचे ओघळ मला वाटतं ह्याच्यामुळेच. एचएफने ओली ट्यूब तुम्ही थेट ८५० टीडीएसच्या बोअरच्या पाण्यात बुडवता. आपल्या माळव्यात काळ्या दगडातलं पाणी, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं. ट्यूब पाण्याला लागली त्या क्षणी तिच्या अंगावर पांढरा साका बसायला सुरुवात, इतका पातळ की ओला असताना दिसत नाही आणि सुकल्यावर पण ट्यूबलाइटखाली दिसेलच असं नाही. मग वरून कितीही डीआय ओता, तो निघत नाही. तिकडे बर्नर लागला की कॅल्शियम काचेत शिरतं आणि काकांनी सांगितलं तो क्रिस्टल तिथून धरतो. थोडक्यात तुम्ही ट्यूब धुताना मळवताय.

शेठना सांगा एचएफ वाढवलं तर साका जास्त बसेल, कमी नाही.

बडोद्याचा_प्रीफॉर्म (वडोदरा)

ताई, वा! मी पाणी कुठलं म्हणून विचारलं खरं पण माझ्या डोक्यात फक्त टीडीएस होता, फ्लोराइडचं लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडे पहिल्या टबापासून डीआयच असायचं म्हणून असा प्रसंग कधी आला नाही.

महिनाभर वापरलेल्या एचएफबद्दल थोडं. त्यात काच विरघळून हेक्साफ्लोरोसिलिसिक ॲसिड साठत जातं. त्याला सोडियम किंवा पोटॅशियम मिळालं, म्हणजे समजा साबणाचं पाणी नीट न निथळता ट्यूब टाकीत गेली, की त्याचे क्षार खाली बसतात, पांढरे आणि चिकट, तेही पाण्याने सहज जात नाहीत. म्हणून वरून भर घालत राहू नका, ठरावीक ट्यूबनंतर टाकी पूर्ण रिकामी करा. साबण आणि एचएफच्या मधेही डीआयने निथळून घ्या.

महाग पडतं ह्यावर उपाय आहे. तीन टब पायरीने ठेवा, सगळ्यात वरच्यात ताजं डीआय, तिथून सांडलेलं मधल्यात, मधल्यातलं खालच्यात. ट्यूब उलटी जाते, खालून वर. म्हणजे सगळ्यात घाण ट्यूबला सगळ्यात वापरलेलं पाणी आणि शेवटी सगळ्यात ताजं. डीआय एकच, काम तीनदा. कॅनमधलं डीआय उघडं ठेवू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. अगदी शुद्ध पाण्याची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विजेला होणारा अडथळा, २५ डिग्रीला १८.२ मेगओम-सेंटिमीटर असते, उघड्या बादलीत ती बघता बघता १ पर्यंत येते. टीडीएस मीटर तेव्हाही शून्यच दाखवेल, त्याच्या भरवशावर राहू नका.

काचकाका

बडोदेकर, तुमचं सगळं मान्य, पण ते अब्जात एक भाग वगैरे ह्या पोराच्या ट्यूबला लावू नका, उगीच घाबरेल. ह्या पद्धतीत उजेड ज्या काचेतून जातो ती काच ट्यूबची नसतेच. ती आत वाफेतून बसते. सिलिकॉन टेट्राक्लोराइड ५७-५८ डिग्रीला उकळतं, लोखंडाचं क्लोराइड ३०० च्या वर, त्यामुळे वाफ होतानाच लोखंड मागे राहतं, सफाई आपोआप. ट्यूब ही नुसती बाहेरची साल. तिच्यातल्या लोखंडाने डीबी वाढत नाही फारशी.

बडोद्याचा_प्रीफॉर्म (वडोदरा)

काका, अर्धं मान्य. उजेडाचा मुख्य भाग आत असतो हे खरं. पण ट्यूबच्या आतल्या भिंतीवर जे आहे ते थेट पहिल्या थराखाली गाडलं जातं, आणि आटवताना २००० च्या वर तास-दीड तास काच मऊ असते, तेवढ्यात ओएच आतल्या बाजूला सरकतो. म्हणून तर तिकडे लेथवर ट्यूब लावली की आधी आतून फ्लोरीनवाला गॅस सोडून अजून एक थर खातात आणि मगच काच बसवायला सुरुवात करतात. ह्या मित्राने आतून कॅल्शियम पाठवलं तर त्या जागी बुडबुडा धरणार.

आणि बाहेरची साल म्हणून सोडून देऊ नका, तिथे ताकदीचा प्रश्न येतो. ही ट्यूब आटून साधारण १६ मिमीचा रॉड होतो. फायबर १२५ मायक्रॉनचं. म्हणजे जाडी १२८ पट कमी, लांबी १२८ गुणिले १२८, सोळा हजार पट जास्त. एक मीटर रॉडचं १६ किलोमीटर फायबर. ट्यूबवरचा एक मिलिमीटरचा डाग १६ मीटर फायबरवर पसरला. आणि पूर्ण फायबर नंतर १०० केपीएसआयच्या (चौरस इंचाला एक लाख पौंड) ताणाने ओढून तपासतात, सगळी लांबी, नमुना नाही. त्या ताणाला साधारण एक मायक्रॉनची भेगसुद्धा पुरते तुटायला. साधा ओरखडा भट्टीत वितळून बुजतो पण क्रिस्टलचा किंवा झिर्कोनियाचा (भट्टीच्या अस्तरातलं सिरॅमिक) कण वितळत नाही, तो तसाच वर राहतो आणि फायबर तिथेच तुटतं. तुटलेलं टोक मायक्रोस्कोपखाली धरलं की आरशासारखा गुळगुळीत अर्धगोल दिसतो आणि मधोमध तो कण बसलेला, चोर पकडल्यासारखा.

काचकाका

बरं, ताकदीचं मानलं.

सांवेररोड, तुला एक युक्ती देतो म्हणजे शेठपुढे वाद घालायला नको. खराब ट्यूबचे बोटभर लांबीचे पाच-सहा तुकडे काप. सगळे पहिल्यापासून एकत्र धुवायला घे पण एकेक तुकडा एकेका पायरीला बाहेर काढून ठेव, एक साबणानंतर, एक एचएफनंतर थेट डीआयमध्ये, एक बोअरच्या टबानंतर, एक पूर्ण धुऊन पंख्याखाली, एक पूर्ण धुऊन कागदात. एकाला मुद्दाम अंगठा लाव. मग सगळे एकत्र भट्टीत १२०० ला दोन-तीन तास. बर्नरने करू नको, बर्नरखाली जिथे सगळ्यात जास्त आच असते तिथे क्रिस्टल वितळून परत काच होतो आणि डाग लपतो. कोण पांढरं पडतं ते तुकडाच सांगेल. पेनने नंबर लिहू नको त्यांच्यावर, मार्करची शाई पण डाग देते. टोकाला कानशीने खाचा कर, एक खाच, दोन खाचा. आणि जेल आल्याशिवाय हे पण नाही.

स्प्लाइसिंगवाला

मी एक कागदाने पुसायची टीप द्यायला आलो होतो आणि इथे पीएचडी होऊन राहिली. ऐका सगळे, पुढच्या वेळी माझी लाइन तुटली की मी सांवेर रोडला येतो.

रसायनताई

हाहा. दादा अजून एक, भट्टीशिवायची तपासणी. धुऊन झालेली ट्यूब डीआयमध्ये बुडवून उभी उचला. पाणी अखंड पदरासारखं खाली उतरलं तर तेल-चरबी नाही. मधेच फाटून थेंब झाले तर तिथे चिकट काहीतरी आहे. कॅल्शियम मात्र ह्यात दिसत नाही, त्याला काकांचे तुकडेच. आणि कागदात गुंडाळणं थांबवा, कागदात चिकणमाती आणि चुनखडी भरलेली असते, तुम्ही एवढं धुऊन तिला चुनखडीत बांधताय. स्वच्छ पॉलिथिनची नळी, दोन थर, बस्स. पंखा पण नको, सांवेर रोडची धूळ मला माहीत आहे, माझी मावशी तिकडेच राहते. फिल्टर लावलेला नायट्रोजन आतून-बाहेरून फुंकून सुकवा.

सांवेररोडवाला

मंडळी, नऊ दिवसांनी येतोय, उशीर झाला.

टाकी त्या दिवशीच बंद केली. शेठ आधी चिडले, मग ताईंची पोस्ट मी त्यांना मोबाइलवर वाचायला दिली, त्यांनी दोनदा वाचली आणि काहीच बोलले नाहीत, त्या पोराला बोलावून त्याचे हात उलटेसुलटे करून बघितले. ग्लोव्हज, शील्ड, एप्रन आले. हूडचं काम लावलंय, तोवर एचएफ नाही म्हणाले. तुकडे मात्र मी एका ओळखीच्या लॅबमध्ये त्यांच्या हूडखाली धुवून घेतले, बोअरचं पाणी कॅनमधून घेऊन गेलो होतो, आणि भट्टी पण त्यांचीच.

निकाल. एचएफनंतर थेट डीआय, काहीच नाही, काच जशीच्या तशी. बोअरच्या टबात गेलेला पांढरा, आणि ओघळ अगदी फोटोतल्यासारखे, कारण उचलताना पाणी जिथून उतरतं तिथेच जाड थर. पंख्याखालचा बारीक ठिपक्यांचा, कागदातला एका बाजूनेच. पण सगळ्यात गंमत म्हणजे थेट डीआयवाल्या स्वच्छ तुकड्याच्या टोकाला पण एक पांढरा गोल होता, ज्याला कोणी अंगठा लावलाच नव्हता. बराच वेळ विचार केला. तो माझाच. भट्टीत ठेवताना चिमट्याने धरायला जमेना म्हणून हाताने सरळ केला होता. ज्याला मुद्दाम लावला त्याच्यावर तर रेषा मोजता येतात काका, खरंच.

परत आलेल्या ट्यूबचं काय करायचं हे राहिलंच विचारायचं. ज्या अजून बर्नरखाली गेल्या नाहीत अशा ४० आहेत.

रसायनताई

तापल्या नसतील तर वाचतील. डीआय, मग पातळ नायट्रिकमध्ये बराच वेळ, त्यात कॅल्शियम फ्लोराइड थोडंफार विरघळतं, मग डीआय, मग ताजं एचएफ थोडा वेळ म्हणजे साक्याच्या खालची काच सुटून तो पण सुटतो, मग लगेच डीआय, डीआय, डीआय. एका ट्यूबचा तुकडा आधी भट्टीत घालून बघा, सरसकट ४० करू नका. तापलेल्या गेल्या, त्या द्या सोडून. आणि हे सगळं हूड लागल्यावर.

बडोद्याचा_प्रीफॉर्म (वडोदरा)

आणि पार्टीला सांगून टाका की पद्धत बदलली, तुकड्यांचे फोटो पाठवा सोबत. लपवू नका, अशा गोष्टी त्यांना ट्यूब बघून कळतातच.

काचकाका

हे सगळं ठीक. जेल आलं का?

सांवेररोडवाला

आलं काका, चार ट्यूब. ऑफिसात फ्रिजवर ठेवलंय.

काचकाका

ऑफिसात कशाला? पोरगा भाजल्यावर जिना चढून येणार आहे का? टाकीपाशी टांग, आणि एक त्या पोराच्या खिशात.